धुरकट ग्लासांची चौकशी

तळेगाव ढमढेऱ्याच्या अलीकडे कालव्याला लागून जी श्रमसाफल्य कॉलनी आहे, तिथल्या सात नंबरच्या घरात एका मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी काचेचा एक ग्लास उजेडाकडे धरण्यात आला. ग्लासातून पलीकडची खिडकी दिसायला हवी होती. ती दिसली नाही. खिडकीच्या जागी काहीतरी दुधाळ दिसलं. ग्लास धरणारे गृहस्थ जयसिंगराव गव्हाणे हे रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागाचे सीनियर सुपरवायझर असल्यामुळे त्यांनी तो पुन्हा एकदा धरला, मग चष्मा पुसून धरला, मग चष्मा काढून धरला. तिन्ही निरीक्षणं सारखीच आल्यावर त्यांनी माल नापास केला. कंपनीची बस सहा वीसला फाट्यावर येत असल्याने पुढची कारवाई संध्याकाळपर्यंत तहकूब राहिली.

भांडी धुण्याचं यंत्र घरात येऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते. ते चैनीखातर आलेलं नव्हतं, हे इथं नमूद करणं आवश्यक आहे. जयसिंगरावांच्या पत्नी सुलक्षणाताई यांच्या उजव्या मनगटाचं शिरूरला ऑपरेशन झालं होतं. मनगटातली नस दबलेली होती. भाकरी थापता थापता बोटं बधिर व्हायची, सुईत दोरा ओवायला पाच मिनिटं लागायची. टाके काढताना डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, की तीन महिने भांडी घासणं, कपडे पिळणं, हातावर जोर देणं बंद. ऐकलं तर हात पूर्ण बरा होईल. नाही ऐकलं तर दुसरं ऑपरेशन, आणि त्यानंतर मूठ वळेलच याची खात्री कुणी देणार नाही.

"डॉक्टर, आजपास्नं हिनं चमच्याला जरी हात लावला, तर मला विचारा," जयसिंगराव म्हणाले.

हे ते अगदी मनापासून बोलले. त्यांचं बायकोवर प्रेम होतं, आणि प्रेम दाखवायचं म्हणजे काहीतरी विकत आणायचं, एवढं त्यांना सव्वीस वर्षांच्या संसारात कळून चुकलं होतं. यंत्र निवडण्याचं काम त्यांचे चिरंजीव सत्यजीत यांच्याकडे सोपवण्यात आलं. सत्यजीतनं इंजिनियरिंग केलं होतं आणि गेली दोन वर्षं तो स्पर्धा परीक्षेच्या तयारीत होता, म्हणजे त्याला वेळ होता. त्यानं चौदा व्हिडिओ पाहिले, सात यंत्रांचा तौलनिक तक्ता केला आणि शेवटी दुकानात जे शिल्लक होतं ते आणलं.

यंत्राची रीतसर पूजा झाली. हळदकुंकू वाहून, नारळ फोडून, यंत्राच्या दारावर स्वस्तिक काढून झाल्यावर जयसिंगरावांच्या मातोश्री कस्तुराबाई यांनी एक मूलभूत हरकत घेतली.

"ह्याच्यात खरकटं घालायचं? पुजलेल्या मशिनीत? माझ्या डोळ्यांदेखत तर न्हाई."

जयसिंगरावांना एरवी आईच्या सोवळ्याओवळ्याचा वैताग यायचा. पण या बाबतीत त्यांचं तांत्रिक मतही तेच पडलं. त्यांच्या कारखान्यात सुटे भाग धुण्याचं एक मोठं यंत्र होतं, आणि त्यात तेलकट भाग टाकणाऱ्याला मेमो मिळत असे. आधी पुसायचं, मग धुवायला टाकायचं, नाहीतर टाकीतलं पाणी नासतं. देवघर आणि कारखाना यांचं एकमत होण्याचा गव्हाणे घराण्यातला हा पहिलाच प्रसंग असल्याने सगळ्यांना फार बरं वाटलं. त्याच दिवशी कार्यपद्धतीचा कागद टाइप झाला, लॅमिनेट झाला आणि फ्रिजवर लागला. त्यातली सूचना क्रमांक तीन अशी होती: 'यंत्रात कोणतंही खरकटं, तेलकट वा चिकट भांडं जाता कामा नये. भांडी आधी स्वच्छ घासून, धुऊन, निथळून मगच यंत्रात लावण्यात यावीत.'

या सूचनेचं पालन पहिल्या दिवसापासून काटेकोर झालं. यंत्र आतून आरशासारखं राहिलं. आल्यागेल्याला ते उघडून दाखवलं जाई. लोक आत वाकून बघत आणि म्हणत, "वापरता का न्हाई अजून?"

तर अशा यंत्रातून धुरकट ग्लास निघाला होता. आणि एकटा ग्लास नव्हे. त्या संध्याकाळी तपासणी केली तेव्हा ताटं, वाट्या, चमचे सगळ्यांवर पिठूळ थर आढळला. स्टीलच्या पेल्यावरून बोट फिरवलं तर बोटाचा रस्ता उमटत होता. जयसिंगराव जेवायलाही बसले नाहीत. त्यांनी घरच्यांना दिवाणखान्यात बोलावलं आणि कारखान्यात करतात तसं पाच वेळा 'का' विचारून मूळ कारण शोधायला घेतलं.

ग्लास धुरकट का? त्यावर थर आहे म्हणून. थर का? यंत्र नीट धूत नाही म्हणून. यंत्र नीट धूत का नाही? नीट लावलं जात नसेल म्हणून. नीट का लावलं जात नाही? लावणाऱ्याला माहिती नसेल म्हणून. माहिती का नाही? प्रशिक्षण झालेलं नाही म्हणून. कारखान्यातही गेली एकोणीस वर्षं कोणतीही चौकशी कुठूनही सुरू झाली तरी पाचव्या 'का'ला इथंच येऊन थांबत असे, त्यामुळे उत्तर बरोबर आल्याचं समाधान जयसिंगरावांना मिळालं.

"अहो, मी एक सांगू का?" सुलक्षणाताई म्हणाल्या.

"तू बोलू नकोस. तुला आराम सांगितलाय," जयसिंगराव मायेनं म्हणाले, आणि त्यांनी सुलक्षणाताईंचं अर्ध्या तासाचं प्रशिक्षण घेतलं. ताटं उभी कशी, वाट्या पालथ्या कशा, चमच्यांची तोंडं कुठं. शेवटी हजेरीच्या कागदावर त्यांची सही घेतली. उजव्या हाताला पट्टा होता म्हणून त्यांनी डाव्या हातानं केली. ती जरा वेडीवाकडी आली.

प्रशिक्षणानंतर थर वाढला. तेव्हा तात्पुरता उपाय म्हणून कार्यपद्धतीत सूचना क्रमांक चार घालण्यात आली: 'यंत्रातून निघालेल्या भांड्यांवर धुरकटपणा आढळल्यास ती पुन्हा एकदा धुऊन, पुसून मगच फळीवर ठेवण्यात यावीत.' तात्पुरता उपाय आणि कायमचा उपाय यांतला फरक जयसिंगरावांना उत्तम माहीत होता. कारखान्यात त्यांनी तो अनेकांना शिकवला होता.

पुढचा संशय पाण्यावर गेला. कॉलनीला बोअरचं पाणी होतं, आणि कॉलनीच्या पाणी समितीचे अध्यक्ष सुलक्षणाताईंचे सख्खे भाऊ पप्पूशेठ हेच असल्याने त्यांना बोलावणं धाडलं. पप्पूशेठ गाडीवरून आले, चहा घेतला, कपावरचा थर नखानं खरवडला आणि म्हणाले, "दाजी, पाण्याला नाव ठेवू नका. आपल्या पाण्याचा रिपोर्ट हाय. कॉलनीच्या बोर्डावर लावलाय. पाणी मृदू."

"आरं, मग बादलीला बोटभर क्षार कसला चढतो?"

"ते बादलीचं तुम्ही बादलीवाल्याला विचारा. पाण्याचा रिपोर्ट मृदू हाय. आन् तो आता बदलायचा म्हणला तर मीटिंग लावावी लागंल, कोरम व्हावा लागंल. मागच्या वर्षी सगळ्यांनी हात वर करून मंजूर केलाय. तुम्ही पण केला व्हता."

जयसिंगरावांनी केला होता. तेव्हा त्यांना घरी जायची घाई होती.

याच बैठकीत मिठाचा विषय निघाला. यंत्राबरोबर जाड मिठाची एक पिशवी फुकट आली होती आणि माहितीपुस्तकात ते मीठ यंत्राच्या तळाशी असलेल्या डब्यात भरायला सांगितलं होतं. ही पिशवी जयसिंगरावांनी पहिल्याच दिवशी माळ्यावर टाकली होती. या टापूत कालव्याचं पाणी जास्त होऊन जमिनी खारावल्या, पांढऱ्या पडल्या, ऊस खुरटला, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं. जिथं लोक मीठ निघावं म्हणून रानात चर खणतात, तिथं धुण्याच्या पाण्यात आणखी मीठ घालायला सांगणारा माणूस परदेशी असणार, यात त्यांना शंका नव्हती.

"आधीच खारं पाणी. त्यात मीठ. मंग थर न्हाई तर काय लोणी येईल?" कस्तुराबाई म्हणाल्या.

"तरी बरं, आपण मीठ घातलं न्हाई," पप्पूशेठ म्हणाले. "घातलं असतं तर काय झालं असतं, इचार करा." सगळ्यांनी विचार केला आणि सगळे हादरले. ठराव झाला, की मीठ न घालण्याचा निर्णय योग्य होता आणि पुढेही तो चालू ठेवावा.

दरम्यान सत्यजीतनं कंपनीकडे तक्रार नोंदवली. यंत्र बनवणारी कंपनी तत्पर होती. तक्रार केल्यावर चौथ्या मिनिटाला नंबर आला आणि चौथ्या दिवशी 'ग्राहक समाधानी असल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे' असा मेसेज आला. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी फोनवरच्या मुलीनं खुलासा केला, की सर, शिरूर तालुक्याचं टेक्निशियनचं पद रिकामं आहे. दौंडला टेक्निशियन आहे, पण दौंडचा टेक्निशियन सिस्टीममध्ये भीमा नदी ओलांडू शकत नाही.

"पूल हाय की," सत्यजीत म्हणाला.

"सर, पूल सिस्टीममध्ये नाहीये."

सत्यजीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यासक होता. त्यानं चौथी तक्रार पप्पूशेठच्या कासुर्डीच्या मित्राच्या पत्त्यावर केली, कारण कासुर्डी दौंड तालुक्यात येतं. टेक्निशियन दुसऱ्याच दिवशी कासुर्डीला गेला. तिथं यंत्र नव्हतं. संध्याकाळी मेसेज आला: 'प्रत्यक्ष पाहणी केली असता यंत्र अस्तित्वात नसल्याचे आढळले. सबब बिघाड निकाली.'

इकडे घरात काम शिस्तीत चालू होतं. 'भांडी क्वालिटी' नावाचा ग्रूप निघाला होता. रोज संध्याकाळी सत्यजीत एक ग्लास खिडकीसमोर धरून फोटो काढी, शून्य ते दहा असा धुरकटपणाचा आकडा देई आणि आलेख पुढे नेई. जयसिंगराव बसमधून तो आलेख पाहत आणि खाली 'नोटेड' असं लिहीत. पप्पूशेठ अंगठा दाखवत. बापलेकांमध्ये इतकं बोलणं सत्यजीतच्या दहावीच्या निकालानंतर प्रथमच होत होतं, आणि खरं सांगायचं तर जयसिंगरावांना त्यात सुख वाटू लागलं होतं.

पुढची तपासणी आली तेव्हा डॉक्टरांनी मनगट दाबून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"सूज उतरली नाहीये. वाढलीच आहे. आराम पडतोय ना?"

"पूर्ण, साहेब," जयसिंगराव म्हणाले. "मशीनच आणलंय. इंचभर काम न्हाई तिला."

सुलक्षणाताई काहीतरी बोलणार होत्या, पण डॉक्टर जयसिंगरावांशी बोलत होते आणि जयसिंगराव डॉक्टरांशी. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. परतीच्या वाटेवर जयसिंगरावांना डॉक्टरांच्या कामाच्या दर्जाबद्दल पहिल्यांदाच शंका आली. ऑपरेशन होऊन सात आठवडे झाले तरी निकाल नाही, म्हणजे मूळ कारण शोधलेलंच नसणार. ते त्यांनी बायकोला बोलूनही दाखवलं. ती खिडकीबाहेर बघत होती आणि डावा हात उजव्या मनगटावर ठेवून होती.

शेवटी एका रविवारी अक्रम तांबोळी आला. दौंडचा टेक्निशियन तो हाच. केडगाव, न्हावरा करत गाडीवरून आला होता, अंगभर धूळ होती.

"साहेब, कागदावर तुमची मशीनच न्हाई, म्हंजी मी आज इथं आलेलोच न्हाई," तो बूट काढत म्हणाला. "पण कासुर्डीत तुमचा नंबर मिळाला, फोन केला तर आवाज लई खचलेला वाटला. म्हणलं, सुट्टीच हाय, बघून तरी येऊ."

यंत्र उघडताच तो दोन मिनिटं नुसता बघत राहिला. मग त्यानं बॅटरी लावून आत पाहिलं. तळाची जाळी काढली. ती इतकी स्वच्छ होती की त्यानं तिचा वासही घेतला.

"ही मशीन चालवली कवा?"

"रोज. दोनदा," सत्यजीत म्हणाला आणि त्यानं आलेख दाखवला.

अक्रमनं आलेख आदरानं पाहिला. मग तळाचं एक झाकण फिरवून आत बोट घातलं. "मीठ घातलंच न्हाई व्हय कवा? जड पाण्याला मीठ लागतंच. ते भांड्यांत जात न्हाई, पाण्यातला क्षार धरायच्या यंत्रणेला लागतं. पण थर एवढा कसा?" तो स्वतःशीच बोलला. "एक काम करा. तुम्ही रोज भांडी लावता कशी, ते मला सुरुवातीपास्नं करून दाखवा. काय बी सोडू नका."

"दाखव गं," जयसिंगराव म्हणाले.

सुलक्षणाताई उठल्या. त्यांनी यंत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या मागच्या मोरीत गेल्या, पदर खोचला, पाटावर बसल्या. सकाळच्या खरकट्या भांड्यांचा ढीग पुढं ओढला. उजव्या हाताचा पट्टा भिजू नये म्हणून त्यावर दुधाची रिकामी पिशवी चढवली आणि रबर दातानं ओढून बसवला. मग उजव्या हातानं ताट दाबून धरून डाव्या हातानं घासायला लागल्या. एक ताट. दुसरं ताट. ताटाला ताट लागून आवाज होत होता. सात ताटं, अकरा वाट्या, नऊ ग्लास. घासून, विसळून, निथळून त्यांनी सगळं टोपलीत रचलं, टोपली कमरेवर घेऊन आल्या आणि ताटं उभी, वाट्या पालथ्या, चमच्यांची तोंडं वर, अशी शिकवल्याप्रमाणे यंत्रात लावली.

"मावशी," अक्रम हळू म्हणाला, "हे काय केलं?"

"सूचना नंबर तीन," सुलक्षणाताई म्हणाल्या.

अक्रमनं फ्रिजवरचा कागद वाचला. दोनदा वाचला. "साहेब, ह्या मशीनला आत सेन्सर हाय. पाणी गढूळ दिसलं की ती जोरात धुती, लई वेळ धुती. तुमची भांडी धुऊनच येत्यात. मशीन बघती, म्हणती काम झालेलं हाय, आन् गडबडीनं आटपून बसती. साबणाची वडीसुद्धा धड विरघळत न्हाई. तोच साबण आन् पाण्यातला क्षार ग्लासावर बसतोय. मशीनला काय झालेलं न्हाई. तिला तुम्ही कवा धुवूच दिलं न्हाई." तो थांबला. "आन् मग बाहेर काढल्यावर थर घालवता कसा?"

"परत घासते. नंबर चार," सुलक्षणाताई म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती, माहिती होती. "ऑपरेशनच्या आधी एकदा घासत व्हते. आता दोनदा घासते."

इथं चौकशी थांबली. आजवर या घरात ग्लास धुरकट का, यावर सहा बैठका झाल्या होत्या, पाच 'का' विचारून झाले होते. 'कोण' असा प्रश्न कुणीही विचारला नव्हता. जयसिंगराव खाली बसले. त्यांना लाज वाटली, खरोखर वाटली. सत्यजीत मोबाइलकडे बघू लागला आणि त्यात बघण्यासारखं काही नसल्याने नुसताच बघत राहिला.

"मला सांगायचं न्हाई का," जयसिंगराव अखेर म्हणाले.

"सांगायला आले व्हते. तुम्ही आराम कर म्हणाला."

लाज ही फार वेळ धरून ठेवायची वस्तू नाही. जयसिंगरावांनी उठून कागद काढला. सूचना तीन आणि चार रद्द करण्यात आल्या. मीठ माळ्यावरून खाली आलं. अक्रमनं यंत्रातला पाण्याच्या जडपणाचा आकडा वाढवून दिला. कस्तुराबाईंनी तोंड फिरवून घेतलं, आणि प्रथमच खरकटी भांडी यंत्रात गेली. दोन तासांनी ग्लास बाहेर आला. जयसिंगरावांनी तो खिडकीसमोर धरला आणि पलीकडचं सगळं लख्ख दिसलं: कॉलनीचा रस्ता, पप्पूशेठची गाडी, आणि अलीकडच्या मोरीत बसून कुकर, कढई, तवा आणि भाकरीची परात घासणाऱ्या सुलक्षणाताई. ही भांडी यंत्रात बसत नव्हती.

"एकदम क्लियर," जयसिंगराव म्हणाले. सत्यजीतनं आलेखावर शून्य टाकलं. ग्रूपवर टाळ्या पडल्या. पप्पूशेठनं लिहिलं की पाणी मृदूच होतं. आणि परातीचा प्रश्न लक्षात येताच सत्यजीतनं त्याच संध्याकाळी मोठ्या आकाराच्या यंत्रांचे व्हिडिओ पाहायला घेतले.

पंधरा दिवसांनी शिरूरच्या डॉक्टरांनी दुसऱ्या ऑपरेशनची तारीख दिली. हात असा का झाला, कारण काही लक्षात येतंय का, असं त्यांनी विचारलं. जयसिंगरावांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"आमच्याकडचं पाणी जड आहे, साहेब," ते म्हणाले.

ही हकिकत लिहून झाल्यावर प्रस्तुत लेखकानं ती रात्रीच्या जेवणानंतर घरातल्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवली. जयसिंगरावांच्या प्रशिक्षणाला सगळे हसले, पुलाच्या जागी तर फार हसले, आणि मोरीच्या जागी अगदी शांत झाले. समाज अजून किती मागासलेला आहे यावर थोडी चर्चाही झाली. तेवढ्यात आतून, नळाच्या धारेतून आणि भांड्यांच्या आवाजातून, "काय म्हणालात? मला इथं ऐकू येत नाही," असं कुणीतरी विचारलं. लेखकानं जागेवरूनच सांगितलं, की आधी तेवढं आटपून घे, मग तुला निवांत वाचून दाखवतो.